साडेचार वर्षांच्या गुणांना शून्य किंमत?

सोलापूर - येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्या विद्यार्थ्याने साडेचार वर्षांत विद्यापीठाच्या परीक्षांमध्ये किती गुण मिळविले, याला पदव्युत्तर प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत स्थान नाही. ही यादी ठरते ती ८०० गुणांच्या 'नीट-पीजी' या एकाच परीक्षेवर. पदवी प्रवेशाचेही तसेच आहे. बारावीत विज्ञान विषयांत खुल्या गटासाठी ५०, तर राखीव गटासाठी ४० टक्के गुणांची अट पूर्ण केली, की पुढचा क्रम ७२० गुणांची 'नीट' ठरविते.

ही व्यवस्था अकारण आलेली नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००० मधील नियमावलीत एमबीबीएसच्या एकत्रित गुणांवर पदव्युत्तर प्रवेश देण्याची मुभा होती. मात्र सर्व उमेदवार एकाच विद्यापीठाचे असतील तरच. वेगवेगळ्या विद्यापीठांचे गुण एका तराजूत तोलता येत नाहीत, हे त्यामागचे कारण. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पेपर वेगळा, अभिमत विद्यापीठाचा वेगळा. शिवाय स्वतःच शिकवायचे आणि स्वतःच गुण द्यायचे, यात संशयाला जागा राहते. २०१६ मधील कायदादुरुस्तीने देशभर सामाईक परीक्षा बंधनकारक झाली, ती याच पार्श्वभूमीवर.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तेथे वैद्यकीय प्रवेश पदवीनंतर मिळतो. अर्जात पदवीचे आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे गुण स्वतंत्रपणे मांडले जातात; प्रवेश परीक्षा व मुलाखत यांच्यासह कशाला किती वजन द्यायचे, हे प्रत्येक महाविद्यालय ठरविते. एका जागेसाठी चढाओढ असलेल्या आपल्याकडे असा स्वेच्छाधिकार वशिल्याचे दार उघडेल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

तथापि, सध्याच्या पद्धतीचीही किंमत मोजावी लागते. ज्याला वजन नाही, त्याकडे विद्यार्थ्याचे लक्ष कमी होणार हे उघड आहे. रुग्णाशेजारी बसून घ्यायचा इतिहास, हाताने करायची तपासणी यांची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांत होत नाही. इंटर्नशिपचे वर्षभराचे काम आणि 'नीट-पीजी'ची तयारी एकाच काळात येते. सोलापूरच्या 'सिव्हिल'मध्ये खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने यातले पहिले काम अधिक मोलाचे असते. बरे, परीक्षा तरी किमान दर्जाची हमी देते का? रिक्त जागा भरण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये पात्रतेचे पर्सेंटाइल शून्यावर आणण्यात आले आणि ती हमीही पातळ झाली.

यावर उपाय म्हणून २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात 'नेक्स्ट' या सामाईक अंतिम वर्ष परीक्षेची तरतूद झाली. परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश या दोहोंसाठी ती आधार ठरणार होती. परंतु २०२३ मध्ये ती पुढे ढकलण्यात आली. विद्यापीठांच्या गुणांवर विसंबता येत नसेल, तर रुग्णतपासणीचे कौशल्य त्रयस्थ परीक्षकांकडून, सर्वत्र एकाच निकषावर तपासणे हाच मार्ग उरतो. तो खर्चिक आहे, कष्टाचाही आहे. पण ज्या कामासाठी डॉक्टर घडवायचा, त्याच कामाला गुण नसावेत, हे फार काळ परवडणारे नाही.