दंड भरला, मग झालं ना?

खेळात नियम मोडणारे दोन प्रकारचे. एक चोरून मोडणारा. दुसरा सगळ्यांच्या देखत मोडून वर 'घ्या काय दंड घ्यायचा तो' म्हणणारा. पहिल्याला आपण चोर म्हणतो. दुसऱ्याला हल्ली आपण 'स्मार्ट' म्हणायला लागलोय. माझं भांडण आहे ते या दुसऱ्याशी, आणि त्याला स्मार्ट म्हणणाऱ्यांशी तर जास्तच.

भांडायला मी खेळ निवडलाय गोल्फ. थांबा, लगेच खिडकी बंद करू नका! 'श्रीमंतांचा खेळ, त्यात काय बघायचं' हे वाक्य आमच्या घरीही रोज ऐकू येतं. मी गोल्फ खेळत नाही, फक्त बघतो. पण खिलाडूवृत्ती म्हणजे नेमकं काय हे तपासायचं असेल तर याच्यासारखा दुसरा खेळ नाही. क्रिकेटमध्ये अपील करायचं आणि पंचाच्या बोटाकडे बघायचं, आपलं काम संपलं. गोल्फमध्ये मैदान शेकडो एकरांचं, खेळाडू दीडशेच्या आसपास, आणि झाडाआड पडलेल्या चेंडूशी तुमच्याशिवाय कुणी नसतं. चेंडू हलला का, हे तुम्हीच सांगायचं. दंडही स्वतःच जाहीर करायचा. मोठ्या स्पर्धांत पंच असतात, पण खेळाची सगळी इमारत उभी आहे ती खेळाडू स्वतःच पहिला पंच आहे या गृहीतकावर.

आता घटना सांगतो. १६ जून २०१८. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरचं शिनेकॉक हिल्सचं मैदान. यूएस ओपनचा तिसरा दिवस, आणि योगायोगाने फिल मिकेलसनचा अठ्ठेचाळिसावा वाढदिवस. तेराव्या होलवर तो ग्रीनवर होता. (ग्रीन म्हणजे होलभोवतीचा अगदी बारीक कापलेल्या गवताचा भाग. त्या दुपारी वारा आणि ऊन खाऊन ही ग्रीन्स फरशीसारखी झाली होती.) त्याने उतारावरून पट मारला. चेंडू होलच्या बाजूने निसटला आणि थांबेचना. आणखी थोडं गेला असता तर ग्रीनच्या बाहेर खाली घरंगळला असता. मिकेलसन त्याच्यामागे धावला आणि चेंडू चालता असतानाच त्याला उलट फटका मारून पुन्हा होलकडे पाठवला!

नियम असा की चालत्या चेंडूला फटका मारला तर दोन फटक्यांचा दंड. दंड लागला. चार फटक्यांच्या त्या होलवर त्याच्या नावावर दहा लागले, आणि दिवसाअखेर ८१.

इथपर्यंत ठीक. माणूस आहे, डोकं फिरलं असेल. गंमत पुढे आहे. खेळ संपल्यावर तो म्हणाला, डोकंबिकं काही फिरलं नव्हतं. दोन फटक्यांचा दंड लागतो हे मला माहीत होतं. असं करावं हे पूर्वीही अनेकदा मनात आलं होतं. तोच फटका पुन्हा पुन्हा मारत बसण्यापेक्षा दोन घेतले आणि पुढे गेलो. नियमांचा जितका फायदा घेता येईल तितका घ्यायचा. कुणाला वाईट वाटलं असेल तर त्यांनी जरा मन घट्ट करावं. (शब्द माझे, आशय त्याचा.)

स्पर्धा भरवणाऱ्या यूएसजीएने, म्हणजे अमेरिकेतल्या गोल्फच्या मुख्य संस्थेने, यावर काय केलं? दोन फटके लावले आणि विषय मिटवला. तेव्हाच्या नियमावलीत दोन वाटा होत्या. एक, नियम १४-५: चालता चेंडू मारला, दोन फटके. दुसरी, नियम १-२: चेंडूच्या गतीवर मुद्दाम परिणाम केला, आणि प्रकरण गंभीर असेल तर थेट बाद. संस्था म्हणाली, त्याने फटका मारला, नुसता अडवला नाही, म्हणून पहिलाच नियम लागू. कलमाच्या भाषेत हे बरोबरही असेल. १९९९ च्या यूएस ओपनमध्ये पाइनहर्स्टला जॉन डेलीनेही चालता चेंडू मारला होता आणि त्यालाही दोनच फटके लागले होते. पण त्याच नियमावलीत ३३-७ नावाचं कलम होतं. शिष्टाचाराचा गंभीर भंग झाला तर समिती खेळाडूला बाद करू शकते, असा अधिकार त्यात होता. तो कुणी वापरला नाही.

हे मी आमच्या भाच्याला सांगितलं तर तो म्हणतो, "पण मामा, दंड भरला ना त्याने? मग झालं ना!"

हेच ते! हेच वाक्य आपण रस्त्यावर रोज ऐकतो. नो पार्किंगच्या पाटीखाली गाडी लावून 'पावती फाडा ना साहेब, पैसे देतो' म्हणणारा सद्गृहस्थ तुम्ही पाहिलाय. त्याच्या लेखी दंड म्हणजे पार्किंगचा थोडा महागातला दर. वाचनालयातलं नवं पुस्तक दोन महिने घरात ठेवून, रोजच्या रुपयाचा हिशोब चोख चुकता करणारे वाचकही असतात. त्यांची पै न् पै भरलेली असते. फक्त मागचे वीस जण ताटकळलेले असतात, आणि त्यांच्या ताटकळण्याची नोंद कुठल्याच वहीत नसते.

दंड आणि किंमत यात फरक आहे मंडळी. किंमत म्हणजे 'एवढे द्या आणि खुशाल घ्या'. दंड म्हणजे 'हे करू नका, आणि केलंत तर भोगा'. रक्कम तीच असली तरी दोन्हीचा अर्थ वेगळा, आणि हा अर्थ एकदा पुसला गेला की परत लिहिता येत नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरात दोन अर्थशास्त्रज्ञांनी पाळणाघरांत याचा एक प्रयोग केला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड सुरू केला. उशिरा येणारे कमी होतील अशी अपेक्षा, तर ते वाढले! आधी ताटकळणाऱ्या बाईंची लाज वाटायची, आता पैसे दिले की हिशोब मिटला. पुढे दंड बंद केला तरी पालक वेळेवर यायला लागले नाहीत. लाज गेली ती गेलीच.

गोल्फकडे लाजेशिवाय दुसरा पोलिस नाही. म्हणून तिथे हे जास्त धोक्याचं.

आता यावरचे नेहमीचे आक्षेप घेऊ. पहिला, 'बाकी खेळांत हे चालतंच की.' चालतं. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात घानाविरुद्ध उरुग्वेच्या लुइस सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला. त्याला लाल कार्ड मिळालं, घानाला पेनल्टी मिळाली, ग्यानने ती आडव्या दांडीवर मारली आणि पुढे उरुग्वे जिंकलं. मला तेही रुचलेलं नाही. पण तिथे निदान ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात तिथल्या तिथे काहीतरी पडलं. बास्केटबॉलमध्ये मुद्दाम फाउल केला तर समोरच्याला फ्री थ्रो मिळतात. गोल्फमध्ये समोर एक प्रतिस्पर्धी नसतो, सगळं मैदान असतं. चेंडू जिथे थांबेल तिथून खेळायचं, हा सगळ्यांनी सगळ्यांशी केलेला करार आहे. तो एकट्याने मोडला तर बाकीच्यांना भरपाई मिळत नाही. मिळतो तो फक्त बेरजेतला आकडा.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. ग्रीन्स खरोखरच अन्यायकारक होती. त्या शनिवारी सकाळी लवकर खेळलेल्या डॅनिअल बर्गर आणि टोनी फिनाऊ यांनी ६६-६६ केले आणि दिवसाअखेर ते थेट आघाडीवर जाऊन बसले. दुपारी खेळणाऱ्यांचे हाल झाले. चांगल्या फटक्यांनाही न्याय मिळाला नाही हे यूएसजीएने स्वतःच कबूल केलं. मान्य. पण त्याच दुपारी, त्याच वाऱ्यात, त्याच ग्रीन्सवर बाकीचेही खेळत होते. त्यांचेही चेंडू घरंगळले. ते मुकाट्याने खाली उतरले आणि चेंडू थांबला तिथून खेळले. रस्ता खराब आहे म्हणून मी फुटपाथवरून गाडी नेली, असं म्हणणाऱ्याची बाजू आपण फुटपाथवर चालणाऱ्यांसमोर कशी मांडणार?

तिसरा, 'हेतू कसा सिद्ध करणार?' खरंय, बहुतेक वेळा तो सिद्ध करता येत नाही. २०१९ मध्ये बहामाजला पॅट्रिक रीडने चेंडूमागची वाळू क्लबने सरकवल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. त्याने मुद्दाम केल्याचा इन्कार केला, दोन फटके लागले, वाद आजही मिटलेला नाही. पण मिकेलसनच्या बाबतीत मनकवड्याची गरजच नव्हती. त्याने कॅमेऱ्यासमोर स्वतः हेतू सांगितला होता. आणखी कसला पुरावा हवा होता?

आता हाच खेळ निरपराध चुकांशी कसा वागतो ते बघा. १९६८ च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विसेंझोने सतराव्या होलवर तीन फटके घेतले. कार्ड लिहिणाऱ्या सहखेळाडूने चुकून चार लिहिले, आणि याने न बघता सही केली. एक फटका वाढला. बॉब गोल्बीशी बरोबरी होऊन प्लेऑफ व्हायचा तो झालाच नाही. टीव्हीवर लाखो लोकांनी तीनच फटके पाहिले होते, तरी सही म्हणजे सही. २०१७ मध्ये एएनए इन्स्पिरेशनला लेक्सी थॉम्प्सनने चेंडू उचलून परत ठेवताना तो मूळ जागेवर ठेवला नाही, असं एका प्रेक्षकाने टीव्हीवर बघून ईमेलने कळवलं. दुसऱ्या दिवशी, ती आघाडीवर खेळत असताना, तिला चार फटके लावले. दोन चेंडूचे, दोन चुकीच्या कार्डाचे. ती प्लेऑफमध्ये हरली. म्हणजे नकळत चुकलात तर चार, आणि ठरवून केलंत तर दोन!

आणि ज्यांनी स्वतःहून सांगितलं त्यांचं काय? २०१० मध्ये हार्बर टाउनला इंग्लंडचा ब्रायन डेव्हिस जिम फ्युरिकशी प्लेऑफ खेळत होता. क्लब मागे नेताना एका सुकलेल्या काडीला निसटता स्पर्श झाला. रीप्ले संथ करून पाहिला तेव्हा कुठे तो दिसला. डेव्हिसने स्वतः अधिकाऱ्याला बोलावलं आणि दोन फटके घेतले. पीजीए टूरवरचं ते त्याचं पहिलं विजेतेपद ठरलं असतं. पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसात चार लाख डॉलरहून जास्त अंतर होतं. विजेतेपद त्याला पुढेही मिळालं नाही. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सने, गवतात आपला चेंडू जरासा हलला असं सांगून स्वतःला एक फटका लावला. दुसऱ्या कुणी ते पाहिलं नव्हतं. स्पर्धा बरोबरीत सुटली आणि प्लेऑफमध्ये जोन्स एका फटक्याने हरला. १९५५ पासून यूएसजीए खिलाडूवृत्तीसाठी जो पुरस्कार देते तो याच बॉबी जोन्सच्या नावाने. त्याच यूएसजीएने २०१८ मध्ये शिनेकॉकला कलमावर बोट ठेवून हात झटकले. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मिकेलसनबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चार दिवसांनी त्याने माफी मागितली. राग आणि वैताग अनावर झाला, आपल्याला लाज वाटते, असं त्याने कळवलं. यूएस ओपनमध्ये सहा वेळा दुसरा आलेला आणि ती स्पर्धा कधीच न जिंकलेला माणूस आहे तो. त्याचा वैताग मला समजतो. माफीने माझ्या लेखी त्याचं खातं बरंचसं निल झालं. पण संस्थेचं नाही. ज्याने केलं त्याला लाज वाटली, आणि ज्यांनी रोखायचं ते 'नियमाप्रमाणे झालं' म्हणत बसले. २०१९ मध्ये सगळी नियमावली नव्याने लिहिली. खिळ्यांच्या बुटांच्या खुणा बुजवायची मुभा दिली, झेंडा होलमध्ये ठेवून पट मारायची मुभा दिली. चालता चेंडू मारायची शिक्षा मात्र तीच, दोन फटके. मुद्दाम मारला तर बाद, एवढी एक ओळ लिहायला काय जड होतं?

आणि प्रेक्षक? दुसऱ्या दिवशी त्याच तेराव्या होलवर मिकेलसनने पार केला, दोन्ही हात वर केले आणि लोकांनी जल्लोष केला. म्हणजे स्मार्ट म्हणणारे आपणच.

आपल्याकडे १९८० मध्ये वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटीत कप्तान विश्वनाथने पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला परत बोलावलं. नियम त्याच्या बाजूने होता, निर्णयही. टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागीदारी केली आणि आपण दहा गडी राखून हरलो. 'काय मिळवलं विशीने?' असं विचारणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. सामना गेला हे खरंच. पण आज त्या सामन्यातलं बोथमचं शतक आठवायला पुस्तक उघडावं लागतं, आणि विशीने टेलरला बोलावलं हे मात्र न बघितलेल्यांनाही ठाऊक असतं.

असो. भाच्याला हे सगळं पटलेलं नाही, तो त्याच्या 'दंड भरला ना' वर ठाम आहे. तुमच्यापैकी कुणी त्याच्या बाजूचे असाल तर जरूर लिहा. मी भांडायला तयार आहे. :-)