नातवंडांची वही : दिवस तेरा तासांचा कधी होतो?



नातवंडे त्रिकोणमितीचा गृहपाठ घेऊन बसली की घरातली वडील माणसे हळूच बाजूला होतात. "हे आमच्या वेळचं नाही रे बाबा," असे म्हणून मोकळी होतात. आम्हाला हे पटत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या आजी-आजोबांना ‘ज्या’ आणि ‘कोज्या’ हे शब्द आठवत असतील. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटाने इ.स. 499 मध्ये ज्यांचे कोष्टक दिले. तो शब्द अरबीत गेला, तिथून लॅटिनमध्ये ‘सिनुस’ झाला, आणि आज इथली मुले वर्गात तेच सिनुस म्हणतात. मुलांनो, तुमचा सिनुस म्हणजे आजोबांची ज्या, आणि कॅल्क्युलेटरवरचा साइन. तिन्ही एकच.

आता एक सोपा प्रश्न घेऊ. यरुशलायममध्ये दिवस कधी तेरा तासांचा असतो?

21 मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र साधारण सारखी, बारा-बारा तासांची. पुढे दिवस वाढत जातो, जूनमध्ये चौदा तासांपर्यंत पोचतो. मग घटू लागतो, आणि डिसेंबरमध्ये दहावर येतो. म्हणजे बारापासून दोन तास वर, दोन तास खाली. हे चढणे-उतरणे साइनच्या लाटेसारखे आहे. म्हणून लिहायचे :

दिवसाचे तास = 12 + 2 साइन क्ष

इथे क्ष म्हणजे 21 मार्चपासून पुढे गेलेले अंश. वर्षाचे दिवस 365 आणि वर्तुळाचे अंश 360, तेव्हा एक अंश म्हणजे जवळजवळ एक दिवस. हिशोब ढोबळ आहे, खऱ्या दिवसात काही मिनिटांचा फरक पडतो, पण आपल्या कामाला पुरे.

आपल्याला तेरा तास पाहिजेत. म्हणजे 12 + 2 साइन क्ष = 13, आणि साइन क्ष = अर्धा. साध्या कॅल्क्युलेटरवर उलट साइनचे बटण दाबले की तो सांगतो 30. मुले 30 लिहितात आणि वही मिटतात. इथेच मार्क जातात!

आजीला विचारा. ती सांगेल, दिवस वाढताना एकदा तेरा तासांचा होतो, तसाच घटतानाही एकदा होणारच. एक उत्तर 30 अंश, म्हणजे 20 एप्रिलच्या आसपास. दुसरे 180 वजा 30, म्हणजे 150 अंश, 20 ऑगस्टच्या आसपास. बटण एकच उत्तर देते, दुसरे आपण शोधायचे असते.

आलेख काढणारा कॅल्क्युलेटर इथे उपयोगी पडतो. कॅसिओने असा पहिला कॅल्क्युलेटर 1985 साली विकायला आणला. आता डेसमॉस आणि जिओजेब्रा संगणकावर फुकट मिळतात. टीआय-84 घरात असेल तर असे करा. आधी मोडमध्ये जाऊन ‘डिग्री’ निवडा. पहिल्या ओळीत 12 + 2 साइन क्ष भरा, दुसऱ्या ओळीत नुसते 13. विंडोमध्ये क्ष 0 ते 360 ठेवा आणि उभी बाजू 8 ते 16. ग्राफ दाबा. एक लाट दिसेल आणि तिला कापणारी एक आडवी रेघ. जिथे दोघी भेटतात तिथे उत्तर. मग कॅल्कमधून ‘इंटरसेक्ट’ घ्या, खूण एका भेटीजवळ न्या आणि तीनदा एंटर दाबा. दुसऱ्या भेटीसाठी पुन्हा तेच करायचे.

आता तेराच्या जागी 14 घाला. रेघ लाटेच्या माथ्याला फक्त टेकते. उत्तर एकच, 90 अंश, जूनचा शेवटचा आठवडा सुरू होण्याआधी.

आणि आपले अलिबाग? तिथे दिवस बाराच्या वर-खाली सुमारे 1.1 तासच जातो. दोनाच्या जागी 1.1 घातले तर लाट चपटी होते. तेराची रेघ तिला 65 आणि 115 अंशांजवळ कापते, म्हणजे मे महिन्याचा शेवट आणि जुलैचा मध्य. चौदाची रेघ मात्र लाटेच्या वरून निघून जाते, भेटच नाही. उलट साइनचे बटण दाबले तर यंत्र ‘एरर’ म्हणेल. यंत्र बिघडलेले नाही. अलिबागला चौदा तासांचा दिवस नसतोच, एवढेच ते सांगते.

आजी-आजोबांनो, गणित येत नसले तरी नातवंडांना तीन प्रश्न जरूर विचारा. यंत्र अंशांवर ठेवलंय का? नाही तर एका लाटेऐवजी लाटांची गर्दी दिसेल. पडद्यावर 0 ते 360 पूर्ण दिसतंय का? अर्धेच चित्र दिसले तर अर्धेच उत्तर मिळेल. आणि रेघा जितक्या ठिकाणी भेटतात, तितकी उत्तरे वहीत आहेत का?

बगरुतच्या गणिताच्या पेपराला आलेखाचा कॅल्क्युलेटर चालत नाही. तिथे चित्र डोक्यात काढावे लागते. घरी यंत्रावर दहा-वीस वेळा पाहिले की ते आपोआप डोक्यात बसते. म्हणून यंत्र शिकायला वापरा, त्याच्यावर विसंबू नका.

मुलांनो, एक तुमच्यासाठी. यरुशलायममध्ये दिवस अकरा तासांचा कधी? बटण म्हणेल उणे 30. घाबरू नका, लाट काढा, रेघ काढा आणि भेटी मोजा. एक उत्तर ऑक्टोबरात येईल, दुसरे फेब्रुवारीत. तारखा काढून आजीला दाखवा. बरोबर आहेत की नाहीत, ते ती संध्याकाळच्या उजेडावरून सांगेल.