कुरळ्या धाग्याला रंग कुठे चढतो?

गालिचा पायाखाली दबतो आणि पाय उचलला की पुन्हा वर येतो. लोकरीच्या बाबतीत हे काम मेंढीच्या अंगावरच झालेले असते, कारण लोकर मुळातच कुरळी. नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर यंत्रातून बाहेर पडते ते गळाच्या दोरीसारखे सरळ आणि गुळगुळीत. तसाच धागा गालिच्यात ओवला तर थोड्याच दिवसांत तो आडवा पडेल आणि खालचे कापड दिसू लागेल. म्हणून त्याला वळ्या पाडाव्या लागतात. कारखान्याच्या भाषेत, क्रिम्प द्यावा लागतो. बाजारातले यंत्रावरचे बहुतेक गालिचे, हॉटेलांतल्या आणि मोटारींतल्या पायघड्या या कुरळ्या कृत्रिम धाग्याच्या असतात.

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या वाचकांसमोर हा विषय ठेवण्याला कारण आहे. कृत्रिम धागा काढणे या पट्ट्याला नवे नाही. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये तो गेली कित्येक दशके निघतो आहे. पलीकडे मोहोन्याची नॅशनल रेयॉन म्हणजे एनआरसी २००९ मध्ये बंद पडली आणि तिथल्या कामगारांना देण्यांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. धाग्याने इथे घरे उभी केली आणि धाग्याच्याच कारखान्यांनी हवेला वास आणि नदीला रंग दिला. त्यामुळे ‘कृत्रिम धाग्याचा कारखाना’ एवढे ऐकले तरी इथल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. ती रास्त आहे. पण सगळे कृत्रिम धागे एका रीतीने निघत नाहीत, आणि परवानगी देणाऱ्याने व हरकत घेणाऱ्याने दोघांनीही हा फरक नीट समजून घेतला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

व्हिस्कोस रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होते. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइडशी संयोग घडवून त्याचे दाट द्रावण करायचे आणि ते गंधकाम्लाच्या कुंडात बारीक छिद्रांतून सोडायचे, की धागा गोठतो. कार्बन डायसल्फाइड झटकन उडणारे, झटकन पेटणारे आणि मज्जासंस्थेला अपाय करणारे रसायन आहे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी शहाडला त्याच्या टँकरचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले, ही आठवण अजून ताजी आहे.

गालिच्याच्या धाग्याची वाट वेगळी. तिथे ना लगदा, ना आम्लाचे कुंड. कारखान्यात गोण्यांतून येतात ते प्लॅस्टिकचे दाणे. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे तर जवळच, रायगड जिल्ह्यात नागोठण्याला बनतात. ते तापवून वितळवायचे. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, नायलॉन-६ सुमारे २२० अंशांना. यंत्रातले तापमान याहून चढे ठेवावे लागते. वितळलेला रस पोलादी तबकडीच्या छिद्रांतून खाली सोडतात. ही छिद्रे बहुधा गोल नसतात, तीन पाकळ्यांची असतात. त्या आकाराच्या तंतूमुळे धाग्याला भरीवपणा येतो आणि मळ पटकन नजरेला येत नाही. खाली येणारे तंतू गार हवेच्या झोतात थिजतात, त्यांना तेलाचा पातळ हात दिला जातो आणि तापलेल्या रुळांवरून ओढून त्यांना बळकटी आणली जाते.

मग येते ती खरी करामत. तापलेला धागा गरम हवेच्या जोरावर एका अरुंद नळीत फेकला जातो. पुढे जागा तुटपुंजी आणि मागून धागा मिनिटाला दोन-तीन हजार मीटर वेगाने येतच राहतो. तो स्वतःवरच कोसळतो, चुरगळतो, घड्या पडून गच्च बसतो. या घड्यांचा जाडसर वळ नळीतून सावकाश बाहेर पडतो आणि सच्छिद्र फिरत्या पिंपावर निवतो. इथे घाई केली तर वळ्या पक्क्या होत नाहीत. निवल्यावर तोच वळ पुन्हा उलगडून बॉबिनवर गुंडाळला जातो. आता त्याची वळी नुसती घडी राहिलेली नसते. उष्णतेत बसली आणि थंडीत थिजली, म्हणून ती कायमची झाली. ड्युपॉन्टने नायलॉनचा असा फुगवलेला अखंड धागा १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या गालिचेवाल्यांना दिला आणि जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावाचा सारा धंदा त्यावर उभा राहिला. पडताळा घरीही घेता येतो. गालिच्याच्या कडेचा सुटा धागा ताणून सोडा, तो पुन्हा आखडेल. साबणाच्या पाण्यात नीट भिजवून बुडवला आणि वर आला तर पॉलिप्रॉपिलीन. नायलॉन आणि पॉलिस्टर तळाला जातात.

या साऱ्या खटाटोपात पाणी लागते ते मुख्यतः यंत्रे गार ठेवायला आणि तेलाचे मिश्रण करायला. म्हणजे नदीच्या दृष्टीने कुरळा धागा काढणे हे रेयॉनच्या मानाने पुष्कळ सोसण्याजोगे काम आहे. मात्र इथेच थांबून टाळ्या वाजवता येत नाहीत. कळीचा प्रश्न रंगाचा आहे.

रंग दोन ठिकाणी चढवता येतो. एक, दाणे वितळतानाच त्यात रंगाचे दाणे, म्हणजे मास्टरबॅच मिसळायचा. मग तंतू आतून-बाहेरून रंगीतच निघतो आणि रंगाचे सांडपाणी उरत नाही. पॉलिप्रॉपिलीनला तर दुसरा मार्गच जवळपास नाही, कारण पाण्यातला रंग ते धरत नाही. दुसरी रीत म्हणजे पांढरा धागा काढून ठेवायचा आणि मागणी येईल तसा रंगवायचा. नायलॉनमध्ये ती सर्रास चालते. कारखानदाराची अडचण खोटी नाही. रंग बदलायचा म्हणजे यंत्रातला जुना रस ढकलून काढायचा. तोवर निघालेला दुरंगी धागा वाया जातो. लहान ऑर्डरला हे परवडत नाही. पांढरा साठा ठेवणे सोयीचे पडते. पण ही सोय ज्याच्या खर्चाने होते तो प्रवाह आपल्या दारातून वाहतो. काकोळ्याच्या डोंगरातून निघालेली वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरात शिरते तेव्हा तिचे काय होते हे सांगायला नको. उल्हासनगरातल्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांनी तिचे पाणी कसे निळे केले, हे सगळ्यांनी पाहिले आहे. ‘वनशक्ती’ या पर्यावरण संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये इथल्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि पालिकांना दंड ठोठावला, तोही उल्हास आणि वालधुनीच्याच पाण्यासाठी. त्या पाण्यात आता आणखी एका रंगशाळेची भर आम्हाला मान्य नाही.

कायद्याला रेयॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांतला फरक ठाऊक आहे. पर्यावरण मंजुरीविषयीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत रेयॉन ‘अ’ वर्गात आहे आणि बाकीचे कृत्रिम तंतू ‘ब’ वर्गात. पण त्या वर्गवारीत रंग दाण्याला दिला की सुताला, हे पाहिले जात नाही. ही अट संमतिपत्रातच घातली पाहिजे. खरवई, मानकिवली किंवा आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत असा कारखाना येऊ म्हणत असेल तर त्याने रंग दाण्यालाच द्यावा, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने लिहून घ्यावे. त्या बदल्यात पाण्याच्या तपासण्यांचा जाच कमी करावा, यालाही आमची हरकत नाही.

पाणी वाचले म्हणून कामगार वाचला असे होत नाही. हवेच्या झोतांचा आवाज असा की शेजारच्याशी बोलायला ओरडावे लागते. कानाला संरक्षण न घेता वर्षानुवर्षे पाळी करणाऱ्याला बहिरेपण येते. तापलेल्या रुळांवरून तेलाची वाफ उठते, ती ओढून नेणारी यंत्रणा चालू हवी. वीजही अखंड लागते. ती गेली की धागा तुटतो, पाइपात अडकलेला रस करपतो आणि यंत्र साफ करून पुन्हा धागा लावायला वेळ लागतो. पावसाळ्यात बदलापुरात विजेचा जो खेळखंडोबा चालतो, त्यात असा उद्योग तग धरणार कसा, याचे उत्तर महावितरणने द्यायचे आहे.

राहिला वेस्टचा प्रश्न, आणि तो सर्वांत कमी बोलला जातो. तुटलेल्या धाग्याचे गुंते आणि रंग बदलताना निघालेले ढेपे रोज साचतात. एकाच जातीचे प्लॅस्टिक असल्याने ते वितळवून पुन्हा दाणे करता येतात, पण जाती एकत्र झाल्या की किंमत संपते आणि मग कुठल्या तरी मोकळ्या जागेत रात्री काडी लावली जाते. गालिचा जुना झाला की हीच गत, उलट अधिक बिकट, कारण धागा, खालचे कापड आणि चुनखडी मिसळलेला लॅटेक्स एकमेकांना चिकटलेले असतात. पॅकेजिंगच्या प्लॅस्टिकची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकावर टाकली. गालिचा त्या नियमांत येत नाही. कॅलिफोर्नियाने २०१० मध्येच कायदा करून गालिच्याच्या विक्रीवर लहानसा आकार बसवला आणि त्या पैशातून जुने गालिचे गोळा करायला सुरुवात केली. महाराष्ट्राला तेवढी मजल मारायला वेळ लागेल. तोवर निदान कारखान्याच्या फाटकाशी रोज किती वेस्ट निघाले, कोणत्या जातीचे आणि कोणी उचलले, याची वही असावी, आणि ती पालिकेच्या अग्निशमन विभागाला कधीही उघडून पाहता यावी.