उपस्थाता : चिकित्सेचा उपेक्षित पाद

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सांगितले. पहिल्या दोहोंवर आपण भरपूर चर्चा करतो. उपस्थाता मात्र घरच्यांवर सोपवून मोकळे होतो. दिव्यासारख्या गावात हे आता चालणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथील नोकरदार मुले-सुना पहाटेची लोकल गाठतात आणि रात्री परततात. घरी वृद्ध आई-वडील एकटे. म्हणून ‘एखादा चांगला ब्युरो सांगा’ ही विनंती चिकित्सालयात आणि औषधांच्या दुकानात वरचेवर होते. अशा वेळी हाती येईल ते कार्ड देणे ही शिफारस नव्हे. उपस्थात्याचे शास्त्रोक्त चार गुण हीच कसोटी कुटुंबाला समजावून द्यावी.

पहिला गुण उपचारज्ञता. अंघोळ घालणे, भरवणे ही कामे प्रशिक्षित मावशी करू शकतात. इंजेक्शन देणे, लघवीची वा नाकातील नळी बसवणे यांसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली परिचारिकाच हवी. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नसावा.

दुसरा दाक्ष्य. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली नाही, तर शय्याव्रण होण्याची भीती असते. तेव्हा मावशी आजारी पडल्यास किंवा रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये अडकल्यास बदली किती वेळात मिळेल, हे ब्युरोकडून लेखी घ्यावे.

तिसरा अनुराग. तो पैशाने मिळत नाही, पण अन्यायाने खात्रीने आटतो. आपण दिलेल्या रकमेतून मावशींच्या हाती किती पडते आणि चोवीस तासांच्या कामात त्यांना झोप मिळते का, हे विचारावे. दर महिन्याला माणूस बदलणाऱ्या घरात जिव्हाळा रुजत नाही.

चौथा शौच. हात-नखांच्या स्वच्छतेइतकीच व्यवहाराची शुचिता पाहावी. ओळखपत्र व पोलीस पडताळणी यांचा आग्रह धरावा.

औषधविक्रेत्या बंधूंनी काढे-गुटी आणि आधुनिक औषधे यांचा वेळ-अनुपानासह एकच तक्ता परिचारकास वाचता येईल अशा भाषेत करून द्यावा. वैद्याने तो तपासावा. शिफारशीपोटी कोणी दलाली देऊ केल्यास ती निःसंकोच नाकारावी. शौच हा गुण आधी आपल्या ठायी असावा लागतो.

२००७ च्या कायद्याने वृद्ध आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली आहे. ती निभावू पाहणाऱ्या मुलांना परिचारकाची पारख शिकवणे, हे आपले काम आहे.