राऊटर बंद करून चालू करा म्हणे!

मंडळी, नांदेड असो की लातूर, नेट अडलं की फोनवर एकच मंत्र मिळतो, "राऊटर बंद करून चालू करा." अहो, पण वायर कोण तपासणार? रिस्टार्टने तुटलेली तार जुळत नाही!

लॅन वायरीत ८ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या ४ पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांतली एखादी तुटली, तर बहुतेक वेळा दिवा लागतो, नेटही चालतं, फक्त वेग शंभरावर अडकतो. आपण मात्र ३०० चे पैसे भरत बसतो. आणि पीसीचा आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही.

म्हणून आधी वायर बदलून बघा, मग पोर्ट, मग लॅपटॉप. एका वेळी एकच बदल, म्हणजे दोष कुठे ते कळतं.

लातूर पॅटर्नच्या गावात लेकरू ऑनलाइन टेस्टला बसलंय आणि उत्तर काय, तर "उद्या माणूस येईल"! पैसे पूर्ण घेता ना? मग जोडणी करणाऱ्याने लिंक स्पीड दाखवूनच घर सोडावं. तोवर आपणही सही करू नये.