नादारीचा अर्ज मरणानंतरच का?

एखाद्या भागातील किती माणसे कर्जाखाली मोडून पडली, हे समजण्याचे एक साधन म्हणजे न्यायालयात दाखल होणारे नादारीचे अर्ज. इंग्लंड-अमेरिकेत अशा अर्जांचे विभागवार आकडे प्रसिद्ध होतात आणि कोणत्या भागातील कामगार, कारकून, दुकानदार बुडत आहेत याची जाहीर चर्चा होते. हे माप नांदेड आणि लातूर जिल्ह्यांना लावू पाहिले तर हाती काही लागत नाही. येथे थकबाकी आहे, जप्तीच्या नोटिसा आहेत, वसुलीवाल्यांचा तगादा आहे. परंतु ‘हे माझ्याने फिटत नाही, माझा हिशेब तपासा आणि मला मोकळे करा’ असे म्हणण्याची सोपी, जवळची वाट सामान्य कर्जदाराला नाही. या शांततेला सुबत्तेचे लक्षण समजणे म्हणजे आंधळेपणा होय.

हा वंचितपणा जुना आहे. 1875 मध्ये सुप्यापासून सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. कर्जाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले आणि शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करण्याची सोय दिली. तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगरपुरता होता. निजामाच्या सरहद्दीवर तो थांबला. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी 1909 मध्ये आणि प्रांतांसाठी 1920 मध्ये नादारीचे कायदे झाले, तेव्हाही नांदेड-लातूरची रयत ब्रिटिश मुलखाबाहेरच होती.

स्वतंत्र भारताच्या संसदेने 2016 मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता संमत केली. तिच्यात कंपन्यांबरोबर व्यक्तींसाठीही तरतूद आहे. कंपन्यांचा भाग त्याच वर्षी अंमलात आला. व्यक्तींचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. साध्या माणसासाठीची प्रकरणे अजून कागदावरच आहेत.

आणि ती कागदावरची दयाही किती कृपण आहे ते पाहावे. ‘नव्याने सुरुवात’ करण्याची मुभा ज्याला मिळेल, त्याचे वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांपेक्षा, मालमत्ता 20,000 रुपयांपेक्षा आणि माफीस पात्र कर्ज 35,000 रुपयांपेक्षा अधिक नसावे. शिवाय त्याच्या मालकीचे राहते घर नसावे. दिवसाला 300 रुपये मिळविणारा मजूर वर्षात 200 दिवस राबला की ही मर्यादा गाठतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर ज्यांना पुनर्वसनाचे घर मिळाले, ते त्या घरामुळेच अपात्र ठरतील. एवढे करून अर्ज द्यायचा कोठे? ऋण वसुली न्यायाधिकरणात! 20 लाखांवरील वसुलीसाठी बँकांना जे दालन उघडले, तेथेच 35,000 च्या कर्जदाराने न्याय मागावयाचा. नांदेडच्या हमालाने त्यासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावे, अशी ही योजना आहे.

त्याच संभाजीनगरशी नाव जोडलेल्या व्हिडिओकॉन उद्योगसमूहाचे काय झाले? सुमारे 64,800 कोटी रुपयांचे मान्य दावे असताना 2,962 कोटींची योजना जून 2021 मध्ये कंपनी न्यायाधिकरणाने मंजूर केली. जानेवारी 2022 मध्ये अपिलात ती रद्द झाली हे खरे. तथापि शंभरातील पंचाण्णव रुपये सोडून देण्याचा विचार कायद्याच्या चौकटीत होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. भांडवलाचे बुडणे हा व्यवहार ठरतो आणि श्रमिकाचे बुडणे ही बेइमानी ठरते. वर्गीय न्यायाचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

कर्जमाफ्या झाल्याच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. मधु दंडवते अर्थमंत्री असताना 1990 मध्ये 10,000 रुपयांपर्यंतचे कर्ज माफ झाले. पुढे 2008 मध्ये केंद्राने, 2017 आणि 2019 मध्ये राज्याने योजना आणल्या. त्या आवश्यकच होत्या. परंतु कर्जमाफीची घटका सरकार ठरविते, अनेकदा निवडणुकीकडे पाहून. शिवाय राज्याच्या या योजना शेतकऱ्याच्या शेतीकर्जापुरत्या. लातूरच्या आडतीवरील हमाल, नांदेडचा शिंपी, मुलाला शिकवणीसाठी लातुरात ठेवण्याकरिता उसनवारी करणारा बाप, एका हप्त्यासाठी दुसरे कर्ज काढणारी गटातील बाई यांचा त्यांत समावेश नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला सूक्ष्म कर्ज देता येते आणि मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत हप्ते लावता येतात. कर्ज देताना गरिबीची मर्यादा 3 लाख आणि सुटका देताना 60,000!

मराठवाड्यात कर्जदाराचा हिशेब शासन तपासते, पण केव्हा? शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती मग पाहते : कर्ज बँकेचे, सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे? ते थकले होते काय? वसुलीचा तगादा होता काय? सारे जुळले तर प्रकरण ‘पात्र’ आणि कुटुंबाला 2005 पासून ठरलेली एक लाखाची मदत. न जुळले तर ‘अपात्र’. नादारीच्या अर्जात जे प्रश्न न्यायाधीशाने जिवंत माणसाला विचारावयाचे, तेच येथे त्याच्या विधवेला विचारले जातात. ही चौकशी मृत्यूपूर्वी करावयास शासनाला कोणी अडविले आहे?

कर्ज बुडविण्याची सवय लागेल, असा आक्षेप येईलच. पण नादारीत कर्जदाराला आपले सारे हिशेब उघडे करावे लागतात. लबाडी तेथेच पकडली जाते. दारिद्र्यामुळे कर्ज न फेडणे हा गुन्हा नव्हे आणि त्यासाठी माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने न्या. कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून 1980 मध्येच सांगितले आहे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. व्यक्तींच्या नादारीची प्रकरणे तत्काळ लागू करावीत. उत्पन्न व कर्जाच्या मर्यादा आजच्या मजुरीशी जोडाव्यात आणि राहत्या घराची अट काढावी. अर्ज तालुक्याच्या न्यायालयात घ्यावा, विधी सेवा प्राधिकरणाने तो विनामूल्य लिहून द्यावा आणि अर्ज दाखल होताच वसुली थांबावी. कार्यकर्त्यांनी कायद्याची वाट पाहत बसू नये. दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव बसून कर्जाच्या वह्या तयार कराव्यात : कोणाचे, किती, कशासाठी, कोणत्या व्याजाने. त्या वह्या घेऊन हजारो कर्जदार जिल्हाधिकारी कचेरीवर गेले, तर मराठवाड्याच्या नादारीची पहिली खरी मोजदाद होईल, आणि ती जिवंत माणसांची असेल.