समुद्र आणि डोह
येळवंडी, नीरा, कानंदी यांचे गोडे पाणी जिथे धरणांत अडून राहते आणि खारा वारा घाटमाथा ओलांडूनच काय तो येतो, त्या भोर-वेल्ह्याच्या मुलखातील मनुष्याने समुद्री मत्स्यालयाच्या आराखड्यावर मतप्रदर्शन करणे ही आगळीकच. तथापि १९५१ साली मुंबईत चर्नी रोडनजीक उभ्या राहिलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाची जी अपूर्वाई आम्हां भोरकर मुलांना होती, तिच्या आधारे ही आगळीक करतो. काचेला नाक टेकवून पाहिलेला, शेपटीने काडीला विळखा घालून ताठ उभा राहिलेला समुद्रघोडा अद्याप डोळ्यांसमोर आहे. परंतु त्याच्या टाकीतले पाणी स्वच्छ कसे राहते, हे तेव्हा विचारावेसे वाटले नाही, आणि मत्स्यालयाची सारी मेख तिथेच आहे. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, माशांच्या उत्सर्गातील अमोनिया पचविणाऱ्या जिवाणूंनी भरलेली गाळणी आणि अखंड वीज, हा खरा जमाखर्च. २०१५च्या नूतनीकरणात आला तसला पारदर्शक बोगदा ही मागाहूनची हौस (तिकिटे तीच खपवते, हे कबूल). माशांच्या संरक्षणाचा दाखला मात्र मला मत्स्यालयात नव्हे, तर वरंध घाट उतरून महाडकडे जाताना, वाळणकोंडीच्या डोहात सापडतो: देवीच्या धाकाने म्हणा वा श्रद्धेने, तिथला महाशीर मासा कोणी मारीत नाही, आणि मूठभर कुरमुरे टाकताच काळसर पाठी एकमेकींवर घासत काठाशी येतात.